‘बँकेनं काढला असंल ना!’

पुण्याची नोकरी सोडून गावी स्वतःचा धंदा टाकायचा, हा सध्या आपल्या ग्रुपमधला हिट फंडा आहे. माझा मावसभाऊही त्यातलाच. वणीत सरकी-ढेपेचं दुकान, मागे गोडाऊन. बोर्ड झाला, व्हिजिटिंग कार्डं झाली. इन्शुरन्सचं विचारलं तर गडी म्हणतो, ‘बँकेनं काढला असंल ना!’ यात मावशीच्या पीएफचे पैसे आहेत, म्हणून मी जरा खोलात शिरले.

दोस्तहो, बँक मुख्यतः तिच्याकडे तारण असलेल्या मालाचा विचार करते. तुमचं फर्निचर, कॉम्प्युटर त्यात असेलच असं नाही. पॉलिसीची कॉपी मागा आणि वाचा.

पहिला नंबर आगीचा. वणी म्हणजे कापूस. जिनिंगमध्ये कापसासोबत खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला तरी ठिणगी उडते. दुसरं टेन्शन पाण्याचं. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराने तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना झोडपलं. या दोन्हींसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची इमारत, मशिनरी आणि माल मिळून ५ कोटींपर्यंत असेल तर ती चालते. त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’.

पण रात्री कुलूप तोडून झालेली चोरी? त्यासाठी वेगळं कव्हर लागतं. आगीनंतर दोन महिने शटर बंद राहिलं तर बुडालेला नफा? तोही वेगळा. हमालाला काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, त्याची पॉलिसी निराळी. आणि टेम्पोचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असला तरी तो फक्त समोरच्याचं नुकसान भरतो. तुमचा टेम्पो आणि त्यातली पोती त्यात येत नाहीत.

आता खरी मेख. प्रीमियम वाचवायला २० लाखांच्या मालाचा १० लाखांचाच विमा काढला आणि ४ लाखांचं नुकसान झालं, तर हातात साधारण २ लाखच पडतात. विमा अर्धा, तर भरपाईही अर्धी! ‘सूक्ष्म उद्यम’मध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्यापुढे नाही. म्हणून रक्कम ठरवताना आज गोडाऊनमध्ये किती पोती आहेत ते बघू नका. ऐन हंगामात ते छतापर्यंत भरतं, तेव्हाचा आकडा धरा.

स्टॉक रजिस्टर आणि बिलांचे फोटो मोबाइलवर, मेलवर ठेवा. दुकानासोबत वहीपण जळाली तर क्लेम कशाच्या जोरावर करणार? आणि क्लेम अडकलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. एकट्या मालकीच्या धंद्यांना आणि सूक्ष्म उद्योगांना तो दरवाजा उघडा आहे. वकील लागत नाही, फीही नाही.