पाखरे दाखविणारा वाटाड्या

आमच्या एका वाचकांचे चिरंजीव इंग्लंडात नोकरीस आहेत. गतवर्षी शरद ऋतूच्या अखेरीस ते सपत्नीक भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर गेले आणि आठ दिवस एका वाटाड्याच्या मागोमाग हिंडून, दुर्बिणीतून पाखरे पाहून परत आले. त्यांच्या तीर्थरूपांनी आम्हांस पत्र लिहून विचारले आहे की, पाखरे पाहण्याकरिता परमुलखात पैसे मोजणे ही सुशिक्षितपणाची खूण समजावी, की पैसा उतू गेल्याची? पत्रात थोडा राग आहे आणि थोडे कुतूहलही आहे. कुतूहल आहे म्हणूनच उत्तर देण्यास आम्ही बसलो आहो.

यूरोपातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या पाखरांच्या वाटेवर ते बेट पडते. थंडीच्या तोंडी तेथील खारट तळ्यांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्याच दिवसांत तेथे काड्यांना चिकट लासा लावून व जाळी टाकून लहान गाणारी पाखरे धरतात आणि चवीने खातात. कायद्याची बंदी असूनही हा धंदा चोरून चालतो. म्हणजे एकाच बेटावर एक मनुष्य पाखरू दाखवून पोट भरतो आणि दुसरा ते धरून. त्या चिरंजिवांचे पैसे पहिल्याच्या हाती पडले, यात आम्हांस तरी काही वावगे दिसत नाही. मात्र त्यांच्या वडिलांस आमचे एक सांगणे आहे: चिरंजीव पुढच्या वेळी घरी येतील तेव्हा त्यांस मोर्शीस न्यावे.

मोर्शीजवळ वर्धा नदीवर जे मोठे धरण आहे, त्याच्या जलाशयास नल-दमयंती सागर म्हणतात. नाव ठेवणाऱ्याची रसिकता वाखाणण्याजोगी आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या पित्याचे कुंडिनपूर म्हणजे याच वर्धेच्या काठचे आपले कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे. नलाचा निरोप घेऊन हंस आला तो याच प्रांती, आणि आजही हिवाळ्यात त्या जलाशयावर हंसकुळातील पाखरे येतात. मराठीत यांस पट्टकादंब असे नाव आहे. अंग राखी, मस्तक पांढरे आणि त्यावर दोन काळे आडवे पट्टे. एकदा पाहिले की विसरत नाही. तिबेट, लडाख, मंगोलिया ही यांची जन्मभूमी. पाठीवर यंत्र बांधून शास्त्रज्ञांनी यांचा माग काढला, तेव्हा हिमालय ओलांडताना यांतील काही ७००० मीटरांहून अधिक उंचीवर आढळले.

संस्कृतज्ञ घरांत येथे एक वाद हटकून निघतो. अमरकोशात हंसास ‘मानसौकस्’ म्हणजे मानससरोवरी घर असलेला म्हटले आहे, आणि राजहंसाची खूण म्हणून लाल चोच व लाल पाय सांगितले आहेत. आमच्या पाहुण्याची चोच पिवळसर नारिंगी, तेव्हा तो राजहंस नव्हे. कलहंसास तेथे ‘कादंब’ हा पर्याय दिला आहे, त्यावरून पट्टकादंब हे नाव अधिक शोभते. मेघदूतातील हंस आषाढात मेघाच्या सोबतीने मानसाकडे निघतात. वऱ्हाडातील कादंब मात्र चैत्राच्या आसपासच मुक्काम हलवितात. एवढ्यावरून कविकुलगुरूने पाखरे पाहिली नव्हती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही, कारण ऋतुसंहारात शरदाबरोबर हंसांचा शब्द ऐकू येतो तो बिनचूक आहे. चक्रवाकाचेही तसेच. रात्री जोडीदारापासून दुरावणारा म्हणून काव्यांत गाजलेला हा भगव्या रंगाचा पक्षी लडाख-तिबेटातून याच सुमारास येतो. लोक त्यास ब्राह्मणी बदक म्हणतात. हे नाव का पडले याची चर्चा घरात न काढणे बरे.

चक्रवाक हा शब्द आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक असतो, परंतु तळ्याच्या काठी उभे करून ‘दाखवा’ म्हटले म्हणजे पंचाईत होते. येथे वाटाड्या लागतो. अकोल्याजवळचा कापशी तलाव असो की अमरावतीचा छत्री तलाव असो, आपणांस पाण्यावर काळे ठिपके दिसतात तेथे त्याला सात जाती दिसतात. कै. मारुती चितमपल्ली यांनी हेच ओळखले होते. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरास जन्मलेले हे गृहस्थ वनखात्यात अधिकारी होते आणि मेळघाटात त्यांची बरीच सेवा झाली. रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून त्यांनी शब्द गोळा केले, संस्कृत ग्रंथांशी ते ताडून पाहिले, आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. १८ जून २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात २०२० पासून पक्षिसप्ताह पाळला जातो. शाळांनी त्या सप्ताहात भिंतीवर चित्रे चिकटवून न थांबता मुलांस एकदा तळ्यावर न्यावे, असे आमचे मत आहे.

आता मेळघाटाकडे वळू. कारण पत्रलेखकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे. तेथील सागाच्या रानात रानपिंगळा राहतो. आपल्या आंब्या-वडावरच्या पिंगळ्याहून हा निराळा. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि हा दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसून सरडे-उंदीर टिपतो. १८७३ साली ह्यूम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने याचे वर्णन केले. १८८४ पर्यंत सात नमुने हाती आले, आणि पुढे शंभरांहून अधिक वर्षे याचा पत्ता नव्हता. मध्यंतरी माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली तापीकाठी, गुजरातेत, एक नमुना मिळविल्याची नोंद केली होती. पुढे उघड झाले की, तो नमुना संग्रहालयातून लांबविलेला जुनाच होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. शोधणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलत्याच ठिकाणी हिंडत. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ही लबाडी उकलली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या दोन सहकाऱ्यांसह खानदेशात शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत पाहिला. त्यानंतर तो मेळघाटातही आढळला.

ज्या पक्ष्याकरिता जगातून लोक येतात, त्याच्या भाईबंदाविषयी आपल्याकडे कल्पना काय आहेत? पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा त्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगतो. वसंतराजाच्या शाकुनग्रंथात पिंगळेच्या शब्दावर वेगळे प्रकरण आहे. आणि घरातील वडीलधाऱ्या बायका तो ओरडला की देवाचे नाव घेतात. भीतीपोटी घुबड-पिंगळे मारण्यात येतात, ही मात्र निव्वळ क्रूरता होय.

गेल्या कार्तिकात आम्ही पाच-सहा जण सेमाडोहच्या बाजूस गेलो होतो. व्याघ्रप्रकल्पात मार्गदर्शक घेतल्यावाचून आत सोडत नाहीत. आमच्या वाट्यास एक कोरकू तरुण आला. दोन तास झाले, रानपिंगळा दिसेना. तेव्हा मंडळींतील एका सद्गृहस्थांनी खिशातील भ्रमणध्वनी काढून त्यात साठविलेला त्या पक्ष्याचा आवाज लावण्याचे योजिले. वाटाड्याने हात पुढे केला. “नका लावू, साहेब. थ्याच्या घरट्याचे दिवस हायेत. आवाज लावला त थो भांडाले येते, अन् घरटं उघडं पडते.” सद्गृहस्थ म्हणाले, “मग पैसे कशाचे घेतोस?” तो काहीच बोलला नाही, पण भ्रमणध्वनीसमोरचा हातही त्याने मागे घेतला नाही.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालते. आवाज ऐकून आपल्या हद्दीत कोणी परका आला अशी त्याची समजूत होते व तो अंडी-पिले सोडून धावतो. एका मंडळीने एकदा असे केल्याने कदाचित बिघडणार नाही. परंतु रोज सकाळी नवी मंडळी येते, आणि प्रत्येकीच्या खिशात आवाज असतो. तेव्हा पैसे कशाचे, याचे उत्तर आम्ही त्याच वेळी दिले व येथेही देतो: पाखरू दाखविण्याचे नव्हे, रान वाचून दाखविण्याचे. परतीच्या दीड तासात त्याने आम्हांस सुताराची ढोली, रानकोंबडीची उकर आणि अस्वलाने सोललेले झाड दाखविले. रानपिंगळा दिसला नाही. मजुरी पुरती दिली; त्या सद्गृहस्थांनी आपला वाटा नंतर, घाट उतरताना, आमच्या हाती ठेवला.

ही गोष्ट बारीक वाटेल. तशी ती नाही. व्याघ्रप्रकल्पाकरिता मेळघाटातील कित्येक गावे अकोटच्या मैदानात हलविली गेली आहेत. ज्यांच्या घरांत पाखरांचे बोल पिढ्यान्‌पिढ्या कळत आले, त्यांची मुले आता सपाटीवर कामधंदा शोधतात. जे रानात उरले आहेत त्यांस हे ज्ञान पोटाला लावणार असेल तरच ते पुढे चालेल. आणि गिऱ्हाइकाची एकच अट असली की ‘पाखरू दाखव’, तर उद्याचा वाटाड्या नाइलाजाने आवाज लावील. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर फासेपारधी समाजातील माणसे तणमोरासाठी गवत राखू लागली आहेत. ज्यांची ओळखच फाशांवरून होती ते राखणदार झाले, ही साधी गोष्ट नव्हे. आणि त्यांची राखण आपल्या कौतुकावर चालणार नाही, तीस रोकड लागते. सायप्रसच्या वाटाड्यास चिरंजिवांनी काय दिले हे पत्रात नाही. परंतु त्याच्या निम्मे जरी आपण वऱ्हाडातील माणसास देत असू, तरी आम्हांस आश्चर्य वाटेल.

मोर्शीस जाणाऱ्यांनी त्रिपुरी पौर्णिमेनंतर जावे, घरातील सुनांस व मुलांस बरोबर न्यावे, आणि पांढरे कपडे टाळावेत. सूर्योदयापूर्वी काठावर पोहोचणे उत्तम. कारण कादंब रात्री भोवतालच्या गहू-हरभऱ्याच्या शेतांत चरतात व उजाडता पाण्यावर परततात. त्या शेतांच्या धन्यांस हंसाविषयी काय वाटते, हा निराळाच विषय आहे. त्यांतील दोघांनी आम्हांस बोलाविले आहे. त्यांचे म्हणणे पुढील अंकी.