सहज दिसणारे जहाज

इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीची मंडळी दिवाळीच्या सुट्टीत कारवारला जाऊन आली. घरी पोचल्यावर भाच्याने मोबाईलवर फोटो पाठवला. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावरची 'चपल' ही युद्धनौका, वर मोरपंखी आकाश, खाली उसळत्या लाटा. सोबत प्रश्न, "मामा, कसा जमलाय?" फोटो देखणा होता यात शंका नाही. पण 'चपल' २००६ पासून संग्रहालय म्हणून जमिनीवर उभी आहे. लाटा भाच्याच्या ॲपने घातल्या होत्या.

आपल्या दुभाषी घरांत 'सहज' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. कन्नडमध्ये सहज म्हणजे स्वाभाविक. मराठीत सहज केले म्हणजे फार कष्ट न घेता केले. फोटोच्या दुरुस्तीत या दोन अर्थांचे जमत नाही. एका बोटाने मराठी सहज सुधारलेला फोटो कन्नड सहज दिसत नाही. त्यासाठी थोडी मेहनत लागते.

फोटोवरून हात फिरवणे मुळीच वाईट नव्हे, आणि ते नवेही नाही. भाच्याच्या गावचाच दाखला घ्या. राजा दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७० च्या दशकात तिथेच कॅमेऱ्याकडे वळले. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार होई. त्यामुळे इमारत नीट उमटली की आकाश पांढरेफटक पडे. समुद्राचे फोटो काढणाऱ्यांचीही हीच अडचण होती. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास त्यावर तोड काढली. समुद्र एका पट्टीवर, आकाश दुसरीवर घेऊन त्याने दोन्ही एकाच कागदावर छापले. मात्र तेच आकाश त्याने दुसऱ्या चित्रालाही जोडले, तेव्हा दुरुस्ती संपली आणि रचना सुरू झाली. हा फरक आपणही ओळखायला हवा.

जहाजाचा फोटो हाती घेतलात की आधी क्षितिज सरळ करा. समुद्र कललेला दिसला की बाकी सारे व्यर्थ. दमट हवेत दूरचे जहाज फिकट दिसते. ते थोडे गडद करावे, पण फिकेपणा पुरता पुसू नये, कारण अंतर त्यावरूनच कळते. युद्धनौकेचा राखाडी रंग तर क्षितिजात मिसळून जाण्यासाठीच दिलेला असतो. त्याला चकचकीत निळा करू नका. डोलकाठी आणि तारांभोवती पांढरी कड दिसू लागली, तर धार जास्त झाली असे समजा. आकाश बदलण्याचा मोह झालाच, तर पाण्याकडे पाहा. पाण्यात आकाशाचाच रंग उतरतो. वर मोरपंखी आणि खाली मातकट असे दिसले की लबाडी उघडी पडते. गंजाचे ओघळ राहू द्या, ते जहाजाचे वय आहे. मूळ फाइल वेगळी जपा. मग उठून चहा घ्या आणि पुन्हा ताज्या डोळ्यांनी पाहा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. वाचकहो, आपल्याकडे अनेक घरांत मुंबई-गोवा बोटींच्या काळातले धूसर फोटो आहेत. आजची साधने ते क्षणात लख्ख करतात. पण बोटीवरची अक्षरे पुसट असली की ती अंदाजाने भरतात, आजीच्या चेहऱ्याच्या जागी कुणा भलतीचाच चेहरा बसवतात. आजोबा कोणत्या बोटीने आले याचा घरात तेवढाच पुरावा असतो. तो पुसट असला तरी खरा असतो. सुधारलेली प्रत खुशाल भिंतीवर लावा, पण तिच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: बोट कोणती, साल कोणते आणि आपण काय बदलले.