वेळापत्रकातील विलंबातून अदृश्य ग्रहाचा माग

सूर्यमालेबाहेरील ग्रहांच्या शोधात 2025 साली एका लक्षणीय निष्कर्षाची भर पडली. सूर्यासारख्या केप्लर-725 या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा ग्रह फिरत असल्याचे चिनी शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील गटाने 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी' या नियतकालिकात जाहीर केले. हा ग्रह प्रत्यक्ष कोणीही पाहिलेला नाही. त्याच ताऱ्याच्या दुसऱ्या ग्रहाच्या वेळापत्रकातील अनियमिततेवरून त्याचे अस्तित्व मांडण्यात आले आहे.

ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. यालाच अधिक्रमण म्हणतात. ग्रह एकटा असेल, तर अधिक्रमणे ठरावीक अंतराने होत राहतात. जवळपास दुसरा ग्रह असेल, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे पहिल्याची गती कधी वाढते, कधी घटते आणि अधिक्रमण वेळेआधी किंवा उशिरा घडते. दोघांच्या परिभ्रमणकाळांचे प्रमाण दोनास एक अशा साध्या पूर्णांकांच्या जवळ असल्यास हा परिणाम साचत जातो. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून 1846 साली नेपच्यूनचा शोध लागला, त्यामागेही असाच तर्क होता.

या पद्धतीचे महत्त्व एका मर्यादेतून स्पष्ट होते. पृथ्वीइतक्या अंतरावरून सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या दर दोनशे ग्रहांपैकी जेमतेम एकाचेच अधिक्रमण आपल्याला दिसू शकते; उरलेल्यांच्या कक्षा आपल्या दृष्टिरेषेत येत नाहीत. जीवसृष्टीला पोषक अंतरावरील बहुसंख्य ग्रह अशा प्रकारे नजरेआड राहतात.

तथापि, वेळेतील फरकावरून ग्रह आहे हे कळले, तरी तो कसा आहे हे कळतेच असे नाही. केप्लर-19 या ताऱ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दर 9 दिवस 7 तासांनी होणारे तेथील अधिक्रमण सुमारे पाच मिनिटे पुढेमागे होत असल्याचे आढळल्यावर 2011 साली दुसऱ्या ग्रहाची घोषणा झाली. परंतु निरनिराळ्या वस्तुमानांचे आणि कक्षांचे ग्रह तोच फरक घडवू शकत असल्याने त्याचे स्वरूप अनिश्चित राहिले. ताऱ्याच्या सूक्ष्म हेलकाव्यांची मोजमापे हाती आल्यानंतर, 2017 साली, तो पृथ्वीच्या सुमारे 13 पट वस्तुमानाचा असून 29 दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो, असे निश्चित झाले. त्याच अभ्यासात तिसरा ग्रहही उजेडात आला.

हेलकावे मोजण्याची अशी क्षमता भारताकडेही आहे. माउंट अबू येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या 'पारस' या उपकरणाच्या साहाय्याने 2018 साली सुमारे 600 प्रकाशवर्षे दूर असलेल्या ग्रहाचे वस्तुमान ठरवण्यात आले.

केप्लर-725 भोवतीच्या ग्रहाविषयीच्या निष्कर्षालाही हीच कसोटी लागू होते. घड्याळातील फरक शोधाची दिशा दाखवतो. ग्रहाची ओळख पक्की होण्यासाठी दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याची जोड आवश्यक असते.