विश्लेषण : क्रूझच्या थांब्यावर किनाऱ्यावरची सावली विकत का घ्यावी लागते?

मायामीहून संध्याकाळी सुटलेले जहाज सकाळी बहामातल्या एखाद्या छोट्या बेटाला लागते. चार-पाच हजार प्रवासी एकदम वाळूवर उतरतात. खुर्च्या फुकट, जेवण बहुतेक ठिकाणी फुकट, समुद्र तर फुकटच. तरीही दिवसभरासाठी कापडी पडद्यांची एक खोपटी घ्यायला काही जण शेकडो डॉलर मोजतात, आणि या खोपट्या प्रवासाच्या कित्येक आठवडे आधीच संपलेल्या असतात. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना तीन-चार रात्रींच्या बहामा क्रूझवर नेण्याची पद्धत मराठी कुटुंबांतही आता रुळली आहे. त्यामुळे ‘कबाना घ्यायची का?’ हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत आला आहे. उत्तर शोधण्याआधी ती विकतो कोण आणि का, हे पाहायला हवे.

कबानात मिळते काय?

छप्पर, तीन बाजूंना पडदे, दोन-चार गाद्यांच्या खुर्च्या, टॉवेल, थंड पाणी, थोडी फळे आणि हाकेला येणारा एक कर्मचारी. साधारण सहा ते आठ जणांची सोय होते. त्याहून जास्त माणसे असतील तर वेगळे पैसे. दर ठरलेला नसतो. विमानाच्या तिकिटासारखा तो जहाज, तारीख आणि मागणी पाहून बदलतो. साधी कबाना काही शे डॉलरपासून सुरू होते. रॉयल कॅरिबियनच्या कोकोके बेटावर २०२० मध्ये पाण्यावर तरंगत्या कबाना सुरू झाल्या. त्यांना स्वतःची घसरगुंडी आणि पाण्यावर बांधलेली झोळी आहे. त्यांचे भाडे हजार डॉलरच्या पुढे जाते.

कंपन्यांकडे बेटे आली कुठून?

याचे मूळ अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यात आहे. ‘पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट’नुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावे लागते. मोठी क्रूझ जहाजे बहुतेक बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात. फ्लोरिडातून निघणाऱ्या छोट्या सहलीला सर्वांत जवळचा परदेश म्हणजे बहामा, एका रात्रीच्या अंतरावर. थांबा घेणे भागच आहे, तर तो आपल्याच मालकीचा का नसावा, असा विचार कंपन्यांनी केला. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने १९७७ मध्ये ग्रेट स्टिरप के हे बेट घेऊन सुरुवात केली. हॉलंड अमेरिकाने १९९६ मध्ये लिटल सॅन साल्वादोर बेट साठ लाख डॉलरना विकत घेतले. डिस्नेने गोर्डा के हे बेट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेऊन ‘कास्टअवे के’ या नावाने १९९८ पासून तिथे जहाजे न्यायला सुरुवात केली. कोकोकेवर तर २५ कोटी डॉलर ओतून २०१९ मध्ये जलउद्यानासह नवा संसार थाटला गेला.

सावली दुर्मीळ झाली की केली?

बहामातले ऊन आपल्या कोकणातल्या एप्रिलची आठवण करून देते. तिथे सावली ही गरज आहे. पण सावली कुठे, किती आणि कोणासाठी हे बेटावर निसर्ग ठरवत नाही, कंपनी ठरवते. झाडे किती ठेवायची, फुकटच्या छत्र्या किती लावायच्या, सर्वांत शांत कोपरा कोणाला द्यायचा, हे सारे तिच्या हातात. एका बाजूला हजारो खुर्च्यांची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला मोजक्या कबाना असे चित्र तयार झाले की कबानाचा दर आपोआप चढतो. प्रवासी इथे सेवेपेक्षा गर्दीतून सुटका विकत घेत असतो, आणि ती गर्दी त्याच जहाजाने आणलेली असते.

हे फसवणुकीचे नाही, हेही मान्य केले पाहिजे. दर आधी दिसतो, सक्ती कोणावर नाही, आणि कबाना न घेणाऱ्याला जेवण-खुर्ची मिळतेच. क्रूझचे मूळ तिकीट स्वस्त ठेवायचे आणि जहाजावर व किनाऱ्यावर वरखर्चातून कमवायचे, हे या धंद्याचे जुने गणित आहे. खटकते ते वेगळेच. पूर्वी जहाजाच्या डेकवर संपणारी ही पायरीपायरीची विक्री आता समुद्रकिनाऱ्यापर्यंत आली आहे. कोकोकेवर तर कबाना ज्या ‘बीच क्लब’मध्ये आहेत, त्याच्या नुसत्या प्रवेशालाही वेगळे पैसे पडतात.

पैसा उतरतो कुठे?

खरा मुद्दा इथे आहे. जहाज नासाऊला लागले की प्रवासी शहरात जातो. टॅक्सीवाला, बे स्ट्रीटवरचा दुकानदार, स्ट्रॉ मार्केटमध्ये विणलेल्या टोपल्या विकणाऱ्या बायका, शंखातल्या मांसाची कोशिंबीर करून देणारा, यांच्या हातात थोडे थोडे डॉलर पडतात. तोच प्रवासी कंपनीच्या बेटावर उतरला तर त्याच्या जहाजाच्या कार्डावरच खर्च नोंदला जातो. कबानाचे भाडेही तिथेच जमा. स्थानिकांना बेटावर नोकऱ्या मिळतात, पण नोकरी आणि धंदा यांत फरक आहे.

बहामात २०२४ मध्ये एक कोटी दहा लाखांहून अधिक पर्यटक आले आणि त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त समुद्रमार्गे. सरकारलाही हा फरक कळतो. म्हणूनच २०२४ पासून प्रवासीकर वाढवताना केवळ खासगी बेटावर उतरणाऱ्यांसाठी २५ डॉलर आणि मुख्य बंदरांत येणाऱ्यांसाठी २३ डॉलर असा भेद केला गेला. दोन डॉलरचा फरक म्हणजे शेकडो डॉलरच्या कबानापुढे चिल्लरच! डिसेंबर २०२५ मध्ये रॉयल कॅरिबियनचा बीच क्लब थेट नासाऊसमोरच्या पॅराडाइज आयलंडवर सुरू झाला. त्यात ४९ टक्क्यांपर्यंत भागीदारी बहामाच्या बाजूला ठेवण्याचे सूत्र आहे. हे पाऊल चांगले. पण मग शहरात उतरणाऱ्या प्रवाशाचाही दिवस कुंपणाच्या आत जाणार, ही तिथल्या छोट्या विक्रेत्यांची धास्ती अनाठायी म्हणता येत नाही.

कुंपण किती खोल जाते, हे हैतीत दिसले होते. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. तीनच दिवसांनी उत्तर किनाऱ्यावरच्या लाबादीत, कंपनीने भाडेपट्ट्यावर घेतलेल्या खासगी किनाऱ्यावर, क्रूझचे प्रवासी उतरले. जहाजातून मदतसामग्रीही उतरली आणि तिथली कमाई मदतीला देण्याचे कंपनीने जाहीर केले. तरीही काही प्रवाशांचे पाय जहाजाबाहेर पडले नाहीत.

गोव्यात काय वेगळे आहे?

मुंबईहून गोव्याला क्रूझ जातातच, त्यामुळे तुलना अपरिहार्य आहे. गोव्यातल्या किनाऱ्यांवरचे शॅक हंगामी असतात, पावसाळ्यापूर्वी उतरवावे लागतात आणि सरकारी धोरणानुसार ते गोमंतकीयांनाच मिळतात. शॅकमध्ये काही खाल्ले-प्यायले की डेकबेड सहसा फुकट. पोटभाड्याने शॅक दुसऱ्याला देण्याच्या, खाटा दाटीने मांडण्याच्या तक्रारी तिथेही आहेत. पण वाळू कोणा जहाज कंपनीची नाही आणि सावलीचे पैसे गावात राहतात. देशात क्रूझ पर्यटन वाढवण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झाले आहे. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाजे वाढतील तेव्हा हा मुद्दा आधीच ठरवून ठेवलेला बरा.

मग कबाना कोणी घ्यावी?

सोबत सत्तरीचे आईवडील असतील, तान्हे मूल असेल किंवा उन्हाचा त्रास असलेले कोणी असेल, तर कबानाचे पैसे वाया जात नाहीत. आठ जणांत ८०० डॉलर म्हणजे माणशी १००. दोघांसाठी तीच कबाना म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या आसपास, आणि तेही पाच-सहा तासांसाठी! जिथे धक्का नाही आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जावे लागते तिथे वेळ आणखी कमी मिळतो. आरक्षण कंपनीच्या संकेतस्थळावर आधी केले तर जहाज सुटण्याच्या थोडे आधीपर्यंत सहसा रद्द करता येते. दर उतरला तर जुने रद्द करून नवे घ्यावे. खराब हवेमुळे जहाजाने बेट टाळले तर कंपनीकडे भरलेले पैसे परत येतात. बाहेरच्या क्लबकडे थेट आरक्षण केले असेल तर त्यांचा नियम आधी वाचावा. व्हिसाही बहुप्रवेशी हवा, कारण जहाज अमेरिका सोडून पुन्हा तिथेच परतते.

बाकीच्यांनी सकाळी पहिल्या तासात उतरून झाडाखालची खुर्ची धरावी. आणि थांबा नासाऊचा असेल तर बंदरापासून चालत जाण्याजोगा जंकानू बीच आहे. वाळूवर जायला पैसे नाहीत. खुर्ची आणि छत्री तिथलीच माणसे भाड्याने देतात, आणि भावही करता येतो.