डोक्याचा मार आणि रक्ताची साक्ष

ठाणे-बेलापूर मार्गावर रबाळ्याजवळ एखादी दुचाकी घसरते. चालक उठतो, कपडे झटकतो, ‘काही झाले नाही’ म्हणतो आणि पाळी चुकू नये म्हणून कारखान्याची वाट धरतो. काही तासांनी त्याला उलट्या होतात, शुद्ध हरपते. कवटीच्या आत रक्तस्राव सुरू असतानाही माणूस काही काळ ठणठणीत दिसू शकतो, हे या दुखापतीचे सर्वांत फसवे रूप आहे. औद्योगिक पट्ट्यातील कोणत्याही घरावर हा प्रसंग येऊ शकतो.

अशा वेळी निदानाचा भरवशाचा मार्ग म्हणजे सीटी स्कॅन. १९७१ साली इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्रण झाले आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसते, त्याचा खर्च असतो आणि क्ष-किरणांचा माराही सोसावा लागतो. शिवाय सौम्य मार म्हणून तपासल्या जाणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांच्या स्कॅनमध्ये काहीच आढळत नाही. मग कोणाला पाठवावे आणि कोणाला घरी सोडावे?

या प्रश्नाचे उत्तर आता रक्तात शोधले जात आहे. मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतील काही प्रथिने रक्तात उतरतात. जीएफएपी हे मेंदूतील आधारपेशींचे प्रथिन, तर यूसीएच-एल१ हे चेतापेशींचे. या दोन प्रथिनांच्या मोजणीवर आधारित चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रथम मान्यता दिली. त्यासाठी १,९४७ प्रौढांचे नमुने तपासण्यात आले होते. स्कॅनमध्ये दिसणारी इजा चाचणीने ९७.५ टक्के प्रसंगी हेरली. तेव्हा प्रयोगशाळेत तीन-चार तास लागत. एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या नव्या चाचणीत रुग्णाच्या खाटेजवळच, शिरेतील रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून, सुमारे १५ मिनिटांत निष्कर्ष मिळतो.

मात्र या साक्षीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ही चाचणी प्रौढांसाठी, शुद्धीवर असलेल्या सौम्य माराच्या रुग्णासाठी आणि दुखापतीनंतरच्या पहिल्या २४ तासांसाठी आहे. ती ‘स्कॅनची गरज बहुधा नाही’ एवढे सांगते. रक्तस्राव कोठे आहे, हे सांगत नाही. प्रथिने वाढलेली दिसली म्हणजे रक्तस्राव असेलच असेही नाही. त्यासाठी स्कॅनच हवे. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत तर चाचणीची वाट पाहणे हा अपराध ठरेल.

तरीही आपल्या देशाला या तंत्राची गरज मोठी आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. त्यांतील ५०,०२९ जणांनी शिरस्त्राण घातलेले नव्हते. बाहेरून आणलेली महाग चाचणी तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचणार कशी? या चाचणीचा गाभा म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमके पकडणारी प्रतिपिंडे. रबाळ्यातच रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या प्रकल्पात मानवी रक्तद्रवातील प्रथिनांपासून औषधे तयार होतात, प्रतिपिंडांवर आधारित जैवऔषधेही बनतात. औषध बनविणे आणि निदानसंच बनविणे ही कामे भिन्न आहेत, हे खरे. पण ज्या भूमीवर असे ज्ञान आणि कौशल्य नांदते, तेथे स्वस्त निदानसंचाचे स्वप्न अवास्तव म्हणता येणार नाही. त्यासाठी उद्योग, शासकीय रुग्णालये आणि संशोधन संस्था यांनी एकत्र बसले पाहिजे.

तोवर आपल्या हाती जे आहे, ते तरी आपण करतो का? अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. मे २०२५ पासून नियुक्त रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना आहे. आपल्या वस्तीत, कारखान्यात किती जणांना हे ठाऊक आहे? कार्यकर्त्यांनी घरोघरी सांगावे असे हे काम आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला, तो कितीही नाही म्हणाला तरी, डॉक्टरांकडे न्यावे. त्या रात्री त्याला एकटे झोपू देऊ नये. रक्ताची साक्ष उद्या सर्वत्र मिळेलही; पण डोके शिरस्त्राणाखाली असेल, तर ती मागण्याची वेळच बहुधा येणार नाही.