प्रवासाची पडतळ

आपल्या दुकानात माल उतरला की आपण केवळ खरेदीचा भाव पाहत नाही. भाडे, हमाली, तूट असे सारे मिळवून पडतळ काढतो आणि मगच विक्रीचा भाव ठरवतो. प्रवासाच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपण विसरतो, याचा प्रत्यय मला गेल्या उन्हाळ्यात आला.

पहाटे पाच वाजता भोरच्या राहत्या घरी माझे थोरले बंधू निवर्तले. त्यांचा एकुलता मुलगा न्यू जर्सीला. त्याच्यासाठी थांबायचे का, असा प्रश्न उभा राहिला. कोणीतरी मोबाईलवर पाहून सांगितले, "न्यूयॉर्क ते मुंबई चौदा तास. म्हणजे रात्रीपर्यंत येईल." सर्वांना हायसे वाटले.

आकडा खोटा नव्हता. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा: जवळची वाट अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जात नाही, ती उत्तर युरोपच्या बाजूने चढून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या आसपास उतरते. जाताना साधारण सोळा तास लागतात. येताना उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून तास-दोन तास वाचतात. एखाद्या देशाचे आकाश बंद असेल, तर वळसा पडून वेळ वाढतो.

पण हे झाले केवळ मुद्दल. बँकेतील जुन्या सवयीने मी कागद घेतला. आपल्याकडे पहाटेचे पाच, म्हणजे तेथे आदल्या सायंकाळचे साडेसात. त्या रात्रीचे थेट विमान त्याला गाठता येणार नव्हते. पुढचे दुसऱ्या रात्री साडेआठला, म्हणजे २५ तास प्रतीक्षा. विमानात १४ तास. मुंबईत पारपत्र तपासणी आणि सामान, २ तास. तेथून द्रुतगती मार्ग, कात्रज, कापूरहोळ करीत भोर सुमारे दोनशे किलोमीटर, ५ तास. बेरीज ४६ तास. युरोपमार्गे विमान बदलून आला असता, तरी त्या दिवशी पोहोचणे शक्य नव्हते.

मी पुतण्याला फोनवर बेरीज वाचून दाखवली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, थांबू नका."

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्यापूर्वी विलायतेला जहाजाने आठवडे लागत. त्या काळी अशा वेळी कोणी कोणाची वाट पाहत नसे. आज पोहोचण्याची आशा आहे, म्हणून निर्णय अधिक अवघड झाला आहे.

वाचकहो, ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी हा हिशेब घरात शांततेच्या वेळी मांडून ठेवावा. थेट विमान किती वाजता सुटते, दारापासून दारापर्यंत किती तास लागतात, मुलांच्या पारपत्राची मुदत केव्हा संपते, तिकडचे नागरिकत्व घेतले असल्यास ओसीआय कार्ड तयार आहे का, हे एका कागदावर लिहावे. आणि आपल्यासाठी थांबावे की थांबू नये, हे आपणच मुलांना सांगून ठेवावे.

पुतण्या तिसऱ्या दिवशी पहाटे आला. वहिनींनी दार उघडले. त्याने प्रथम वडिलांच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला. आमच्या बंधूंनी तो कागद लिहून ठेवला असता, तर "थांबू नका" हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले नसते.