उंदीरमामा जेवायला



मे २०२५ मध्ये ती घोषणा झाली आणि तेव्हापासून आमच्या ओळखीच्या घरांतली लहान मंडळी एकाच प्रश्नाने आईबापांचं डोकं खात आहेत: "अबूधाबीला डिस्ने कधी येणार?" कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग आणि शांघायनंतर डिस्नेचं सातवं ठिकाण आपल्या यास बेटावर होणार आहे. बांधणार आणि चालवणार अबूधाबीची मिराल कंपनी, आराखडा आणि देखरेख डिस्नेची. एवढं मोठं काम उभं राहायला वर्षं लागतील हे मोठ्यांना कळतं. पोरांना ते सांगून उपयोग नाही. त्यांच्या मनात मिकीमाऊस एव्हाना नाश्त्याला येऊन बसला आहे.

नाश्त्याला म्हणजे अगदी शब्दशः, बरं का. या मोठ्या बागांच्या हॉटेलांत एक खास जेवण असतं. आपण टेबलाशी बसायचं, खायचं, आणि खाता खाता गोष्टीतली पात्रं एकेक करून आपल्या टेबलापाशी येतात. मुलाला मिठी मारतात, फोटोला उभी राहतात, वहीत सही करतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. फ्लोरिडाच्या डिस्नेतलं 'शेफ मिकीज' हे त्यातलं बहुधा सर्वांत गाजलेलं नाव. १९९५ पासून ते तिथल्या कंटेम्पररी हॉटेलात आहे. आपल्या आज्यांना हे सांगून बघा. "उंदीर? आणि जेवताना? पानापाशी?" एवढं बोलून त्या झाडू शोधायला उठतील.

आता इतका उत्साह कशासाठी, हे आधी समजून घेऊ. बागेत मिकीला भेटायचं तर रांगेत उभं राहावं लागतं. एका फोटोसाठी तास-तास जातो, आणि नंबर येईपर्यंत पोराला शू लागलेली असते. इथे उलटं आहे. आपण बसलेले आणि पात्रं फिरती. ठरलेल्या चार-पाच पात्रांची भेट हमखास, शिवाय बूड टेकायला खुर्ची आणि एसी. म्हणजे पैसे मोजायचे ते पुऱ्या-पॅनकेकचे नव्हेत, वाचलेल्या रांगेचे. हा हिशोब ध्यानात ठेवला की "एवढ्या पैशांत जेवण काय दिलं?" हा वाद घरी परतताना गाडीत होत नाही.

या प्रकाराचे काही नियम ठरलेले असतात. मोठं डोकं आणि केसाळ अंग असलेली पात्रं बोलत नाहीत, फक्त हातवारे करतात. कारण सरळ आहे. ज्या मुलाने मिकीचा आवाज टीव्हीवर ऐकला आहे, त्याला दुसरा आवाज ऐकवून चालत नाही. राजकन्या वगैरे ज्यांचा चेहरा उघडा असतो, त्या मात्र गप्पा मारतात. पात्राबरोबर एक साध्या गणवेशातला मदतनीस असतो. तो वाट करून देतो, गर्दी सांभाळतो आणि वेळ झाली की पात्राला आत घेऊन जातो. दर माणशी ठरलेला असतो, खाल्लंत किती यावर नाही. फ्लोरिडाला तीन वर्षांखालच्यांना बुफे फुकट, तीन ते नऊपर्यंत मुलांचा दर, आणि दहावं लागलं की पोरगं मोठ्यांच्या दरात. दोन घास खाऊन ताट सारणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचे आईबाप त्या वेळी काय म्हणत असतील, ते मराठीत न लिहिलेलंच बरं!

डिस्नेची वाट पाहण्याआधी आपल्या अंगणात काय झालं तेही आठवू या. इथे बरीच वर्षं राहिलेल्यांना मोधेश आठवत असेल. १९९८ साली 'दुबई समर सरप्रायझेस' सुरू झालं, आणि त्याचा हा पिवळाधमक, स्प्रिंगसारखा पोरगा पुढे रस्त्यारस्त्यांवर दिसू लागला. त्याचं नाव 'आश्चर्यकारक' अशा अर्थाच्या अरबी शब्दावरून आलं. जुलैच्या उन्हात ज्यांना गावी जायला जमलं नाही, अशा किती मराठी मुलांची सुट्टी मोधेशच्या सोबतीने गेली! २००६ साली टीव्हीवर 'फ्रीज' मालिका आली. तिच्यात चार इमिराती आज्या होत्या, भांडणाऱ्या, कॉफी पिणाऱ्या, सगळ्यांची उठाठेव करणाऱ्या. भाषा कळली नाही तरी त्या आपल्या आळीतल्याच वाटायच्या.

मग मोठ्या बागा आल्या. २०१० साली यास बेटावर फेरारी वर्ल्ड. २०१६ साली दुबईत आयएमजी, लेगोलँड, मोशनगेट. जुलै २०१८ मध्ये अबूधाबीचं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, सगळंच्या सगळं छपराखाली आणि थंडगार. तिथे बॅटमॅनचं गॉथम आहे, सुपरमॅनचं मेट्रोपोलिस आहे आणि फ्लिंटस्टोन मंडळींचं दगडी गावही आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात शेजारीच जगातलं पहिलं वॉर्नर ब्रदर्स हॉटेल उघडलं. तेव्हा बग्ज बनीशी हात मिळवायला अटलांटिक ओलांडायची गरज आता उरलेली नाही.

आणि एक बाग बंदही झाली. जेबेल अलीच्या बाजूला २०१६ च्या अखेरीस बॉलिवूड पार्क्स उघडलं होतं. तिथे 'शोले'चा गब्बर होता, 'लगान' होता, 'मुंबई चौक' नावाचा एक भागही होता. एप्रिल २०२३ मध्ये ते बंद पडलं. आमच्या पिढीला त्याची हळहळ वाटली. मुलांना फारशी वाटलेली दिसली नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी 'शोले' पाहिलाच नाही, त्यांना गब्बर कोण? पात्र आधी घरात यावं लागतं, गोष्टीतून, आजीच्या तोंडून, पुस्तकातून. मगच ते टेबलापाशी आल्यावर मूल टाळी पिटतं.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण एक प्रश्न आहे. शारजात राहणाऱ्या एका वाचक ताईंनी आम्हाला विचारलं, "मुलगा सहा वर्षांचा आहे. वर्गातल्या दोघातिघांचे वाढदिवस अशा हॉटेलात झाले. त्यालाही तसाच हवाय. आम्ही दोघं नोकरी करतो, पण शाळेची फी भरली की पुढचा भाड्याचा चेक डोळ्यांपुढे येतो. नाही म्हटलं तर पोर हिरमुसतं. हो म्हटलं तर मीच रात्रभर जागी. काय करू?"

ताई, तुमच्यासारखी घरं खूप आहेत, एवढंच की ती बोलत नाहीत. आपण परदेशात आलो ते मुलांचं बरं व्हावं म्हणून, मग मुलांनाच नाही कसं म्हणायचं, हा पेच सगळ्यांचाच आहे. आधी आकडा मांडा. समजा माणशी दोनशे दिरहम धरले आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांसकट सहा जण झाले, की झाले बाराशे. वर केक, टॅक्सी, आणि बाहेर पडताना दाराशीच ठेवलेलं खेळण्यांचं दुकान. एवढे पैसे वर्षातून एकदा सहज निघत असतील तर जरूर जा, मजा करा, मनात अपराध बाळगू नका. निघत नसतील तर मुलाला खरं सांगा. सहा वर्षांच्या मुलाला "आपल्याला यंदा परवडत नाही" हे वाक्य कळतं. त्याला कळत नाही ते आईचं उगीच चिडणं.

जाणार असाल तर आमच्या चार सूचना.

पहिली, वयाची. दीड-दोन वर्षांचं मूल सात फुटी सशाला पाहून बहुधा टेबलाखाली शिरतं. आमच्या मित्रांची चिमुरडी एका हॉटेलात अस्वल जवळ येताच अशी किंचाळली, की अस्वलच दोन पावलं मागे सरलं. मुलाला पुढे ढकलू नका. मदतनीसाला खूण केली की पात्र लांबूनच हात हलवतं. मूल आपण होऊन गेलं तरच त्यात गंमत.

दुसरी, ताटाची. आरक्षण करतानाच शाकाहारी काय मिळेल ते विचारा. इथे 'हलाल' लिहिलेलं असतं, पण हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे. जेली आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासूनच काढतात. आजोबांची संकष्टी असेल तर तारीखच बदला. माणशी पैसे भरून फक्त कलिंगड खाणं जिवावर येतं!

तिसरी, फोटोची. आईने मोबाइल, बाबांनी मोबाइल, काकांनी व्हिडिओ, आणि मुलाच्या वाट्याला सगळ्यांचे पाठमोरे फोन. एकानेच फोटो काढावा. बाकीच्यांनी मुलाचं तोंड पाहावं.

चौथी सूचना आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या केसाळ अंगात एक माणूस असतो. त्याला बारीकशा फटीतून दिसतं, आत उकडतं, आणि काही झालं तरी बोलायची मुभा नाही. पोरं शेपूट ओढतात, पोटात गुद्दे मारतात, आणि आपण "हाऊ क्यूट" म्हणून व्हिडिओ काढत राहतो. त्याच्याही खिशात आपल्यासारखंच एमिरेट्स आयडी असतं, आणि पगार झाला की त्यालाही घरी पैसे पाठवायचे असतात. मुलाला गुपित फोडून सांगू नका, पण इतकं जरूर शिकवा: पाहुणा आला की गुद्दे मारायचे नाहीत, आणि निघताना त्याला 'शुक्रन' म्हणायचं.

खरं म्हणजे वेष घेऊन दारी येणाऱ्या पाहुण्याची आपल्याला सवय नाही असं नाही. पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव यायचा. बहुरूपी कधी पोलीस होऊन यायचा, कधी आणखी कुणी. कोकणातल्या मंडळींना शिमग्यातला काळ्या वेषातला संकासुर आठवेल, ज्याला पाहून आपण माजघरात पळायचो. फरक एकच. वासुदेव आला की आई आपल्या हातात पसाभर धान्य द्यायची आणि म्हणायची, "जा, घाल त्याच्या झोळीत." वेष घेतलेल्या माणसाला लहान मूल काहीतरी देत असे. इथे मूल फक्त घेतं, सही, फोटो आणि मिठी. पंगतीचंही तसंच. आपल्या पंगतीत यजमान रांगेतून फिरायचा तो हातात जिलबीचं ताट घेऊन, "अजून एक, माझ्यासाठी" म्हणत. इथला यजमान फिरतो, पण वाढत नाही, कारण वाढणं बुफेवर सोडलेलं आहे.

म्हणून आम्हाला एक कल्पना सुचली आहे, ती मंडळाच्या कार्यकारिणीपुढे ठेवतो. पुढच्या बालमेळाव्यात आपणच पात्रांची पंगत का करू नये? शाळेचा हॉल आपल्याला मिळतोच. मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी ठरलेलीच आहे. पंगत बसली की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे येऊ दे "ट्टॉक" करत. ताम्हनकरांचा गोट्या येऊ दे. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आणि १९९१ साली 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा भेटलेला चिंटू येऊ दे. बिरबल येऊन कोडं घालू दे, आणि वासुदेव मुलांच्या हातून मूठभर तांदूळ घेऊ दे. ही पात्रं बोलतील, मराठीत बोलतील, आणि जिलबी आग्रहाने वाढतील. तिकीट नाही, दहा वर्षांवरच्यांना वेगळा दर नाही. शारजातल्या ताईंच्या मुलाचा वाढदिवस त्या महिन्यात असेल तर त्यालाच मधल्या पाटावर बसवू.

पण वर म्हटलं तसं, पात्र आधी घरात यावं लागतं. तेव्हा मेळाव्याला अवकाश आहे तोवर रोज रात्री एक गोष्ट वाचायची. मुलाला मराठी वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. फास्टर फेणे इंग्रजीत सांगितला तरी चालेल, "ट्टॉक" मात्र मराठीतच. गावाहून आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना हे काम द्या. दुपारी फ्लॅटमध्ये बसून कंटाळलेल्या आजोबांना याहून चांगली नोकरी आखातात मिळणार नाही.

आणि हो, वासुदेवासाठी धिप्पाड आवाजाचा एक गृहस्थ हवा आहे. मोरपिसांच्या टोपीची व्यवस्था आमच्याकडे लागली. बोक्यासाठी दहा-अकरा वर्षांचा खोडकर मुलगा हवा, तो बहुतेक प्रत्येक घरात असतोच. नावं मंडळाकडे लवकर कळवा.

मिकीमाऊस यायचा तेव्हा यास बेटावर येईल. त्याचंही स्वागत करू, उंदीर झाला तरी गणपतीच्या वाहनाचा भाऊबंदच तो. तोवर आपली पंगत मांडून घेऊ.

लोभ आहेच, तो वाढावा. पुढच्या अंकात भेटूच.